सहा दिवसांचं पाणी

४ जून

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडणार, मला माहीत आहे. म्हणून फाडण्याआधी एवढं एकच वाक्य वाच. तुझ्या पायाला ते जी पट्टी लावताहेत ना, ती माझ्या झाडांची आहे.

आता फाडायचं तर फाड.

भाचीला रागावू नकोस. दर महिन्याला तिचा फोन येतो आणि "आई बरी आहे" एवढ्यावर ती मला वाटेला लावते. या वेळी मीच खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "मामा, आईच्या उजव्या पायाची जखम चार महिने झाले भरत नाहीये. शुगरमुळे. आजी होती त्याच मोठ्या हॉस्पिटलात नव्या पट्टीची चाचणी चाललीय, तिथं नाव घातलंय." पट्टीचं नाव ऐकलं आणि मी हातातली झारी खाली ठेवली.

तू नेहमी विचारायचीस, "एवढे मोठे शास्त्रज्ञ तिथं, त्यांच्यात तू काय करतोस? झाडांना पाणी घालतोस?" हो, तेच करतो. आमच्या काचघरात करड्या पानांची दोनशे झुडपं आहेत. दगडाच्या फटीत उगवणारी, कुणी ढुंकूनही बघणार नाही अशी. प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमनी वीस वर्षांपूर्वी त्यांच्या पानांत एक पदार्थ शोधला. पानं वाळवायची, त्यांचा अर्क काढायचा, तो एका जेलीसारख्या पातळ पडद्यात मुरवायचा. झाली पट्टी. तो पडदा कसा करायचा यातच दोन माणसांची उमेदीची वर्षं गेली. पानांना मात्र कधी कुणी दोष दिला नाही. पानं माझ्याकडं.

पहिल्या चौदा रुग्णांत बारा जणांच्या जखमा भरल्या होत्या, ताई. त्यातल्या एका आजोबांचा पाय कापायची तारीखसुद्धा ठरलेली होती. ते स्वतःच्या पायांनी चालत आमच्याकडं आले आणि मॅडमना म्हणाले, "कुठली झाडं ती दाखवा, पाया पडतो." मी त्यांना काचघरात नेलं. खोटं कशाला सांगू, छाती दोन इंच फुगली होती माझी.

तुझा पाय वाचेल. शिलाई मशीनचं पायडल पुन्हा मारशील. मोटर लावली की टाका माझा राहत नाही म्हणायचीस, मग पायच हवा.

भाचीला मी पट्टीचा रंग विचारला. ती म्हणाली, काचेसारखी आहे, आरपार दिसते. मला आठवतात त्या मधाच्या रंगाच्या होत्या. करण्याची पद्धत बदलली असेल.

तुझा,
घुम्या

१७ जून

ताई,

पत्र फाडलं नाहीस म्हणे. वाचलंही नाहीस. बटणांच्या डब्यात टाकून दिलंस. चला, निदान जुन्या कोटाच्या बटणांना तरी माझ्याबद्दल काहीतरी कळेल.

इथं वातावरण बरं नाही. तुला सांगू नये असं वाटतं, पण तू वाचतच नाहीस, तेव्हा सांगायला हरकत नाही.

नव्या पट्ट्या चालत नाहीयेत. साठ रुग्ण घेतलेत, निम्म्यांना आमची पट्टी आणि निम्म्यांना नेहमीचं ड्रेसिंग. दोन्हीकडं फरक सारखाच, म्हणजे नाहीच. मॅडम तीन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी बोलल्या, ते बोलल्या नसत्या तरी बरं झालं असतं. सगळं खापर थेंबूच्या डोक्यावर फुटलं. थेंबू म्हणजे आमची रसायनवाली मुलगी. बाटलीतून थेंब मोजत मोजत ओतते म्हणून हे नाव. तिच्याकडं एक मशीन आहे, त्यात पानांचा अर्क घातला की पडद्यावर एक रेघ धावू लागते, आणि मॅडमचा पदार्थ आला की रेघेवर टेकडी उभी राहते. टेकडी अजूनही येते, चांगली उंच येते. म्हणूनच तर चाचणी सुरू झाली. पण थेंबूनं जुने कागद काढून बघितले. पहिल्या बॅचमध्ये मोठ्या टेकडीच्या पायथ्याशी एक छोटं टेकाड होतं. तिकडं तेव्हा कुणी लक्षच दिलं नव्हतं. नव्या बॅचमध्ये ते टेकाड गायब आहे.

थेंबू म्हणते, गुण त्या टेकाडातच असणार. मॅडम म्हणतात, असेलही, मग अर्क काढताना तुझ्याच हातून ते जळालं. थेंबू माझ्याकडं येऊन रडली. "माळीकाका, मी काहीच वेगळं केलेलं नाही हो." मी तिला रोपांमागचं स्टूल दिलं बसायला. दुसरं काय देणार?

मग मॅडम स्वतः काचघरात आल्या. त्यांनी तीन वर्षांपूर्वीचं रजिस्टर मागितलं. आमच्या रजिस्टरात रोजची एक ओळ असते. तापमान, पाणी, सही. पाणी घातलं की बरोबरची खूण करायची. पहिल्या बॅचच्या आधीचे दोन महिने त्यांनी बोट फिरवत तपासले. एकही दिवस कोरा नाही. त्यांनी चष्मा काढला आणि थेंबूच्या देखत म्हणाल्या, "बघ. या इमारतीत निदान एक माणूस भरवशाचा आहे. माळीबुवांकडून काहीही बदललेलं नाही."

मी म्हटलं, "नाही मॅडम, काही बदललेलं नाही."

थेंबूनं मान खाली घातली.

भाचीला म्हणावं, पायाचा रंग रोज बघत जा. करंगळीकडं जास्त लक्ष दे.

घुम्या

२९ जून

ताई,

आता मी जे लिहितो ते बटणांनीच वाचावं.

आमच्याकडं एक पद्धत आहे. पद्धत कसली, खोड. झाडांना पाणी घातलं की हात ओले असतात, आणि ओल्या हातानं रजिस्टर भरलं की शाई पसरते, पान चिकटतं, मग साहेब लोक ओरडतात. म्हणून माझ्या आधीच्या माळ्यानं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं, "सोमवारी सकाळी हात कोरडे असतात. तेव्हाच आख्ख्या आठवड्याच्या खुणा मारून टाकायच्या. पाणी काय, घालायचंच आहे ना." त्याला त्यात खोटं वाटलं नाही, मलाही वाटलं नाही. पाणी मी घालतच होतो. तेवीस वर्षं सोमवारी खुणा मारल्या आणि रविवारपर्यंत त्या एकेक करून खऱ्या केल्या.

एक आठवडा सोडून.

तो आठवडा कुठला, ते तू ओळखलंच असशील.

मॅडम रजिस्टर बघून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तीन कुंड्या उचलून मागच्या कपाटाआड नेल्या. त्यांना सहा दिवस पाणी दिलं नाही. जिवावर आलं माझ्या. रोज जाऊन बघायचो, पानं आत वळत होती, कडा चामड्यासारख्या होत होत्या. सहाव्या दिवशी कपाट सरकवलं आणि वास आला. कडवट, थोडा डिंकासारखा. हा वास मी एकदाच घेतला होता, तीन वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी, काचघराचं दार उघडलं तेव्हा.

मी ती पानं थेंबूला दिली. म्हटलं, कुठल्या कुंडीतली ते विचारू नकोस, फक्त मशीनवर घालून बघ. ती दुपारी धावतच आली. टेकाड उभं राहिलं होतं. जुन्या कागदापेक्षा बोटभर उंचच. "काका, काय केलंत तुम्ही? काय घातलंत यांना?"

काय घातलं! जे घालायचं ते घातलं नाही, एवढंच. तहानेनं जीव जायला लागला की हे झुडूप पाणी धरून ठेवण्यासाठी काहीतरी तयार करतं, आणि जखम भरते ती त्यानं. मॅडमनी वीस वर्षं शोधलं, जगभर छापून आलं, आणि त्यातली मुख्य गोष्ट मी केलेली आहे, न जाता, न बघता, न घालता. माझी काळजी जेवढी चोख, तेवढी पट्टी निकामी. गेली तीन वर्षं मी दर दिवशी इमानानं पाणी घातलंय, ताई. त्या आठवड्यानंतर एक खूणही खोटी मारली नाही. प्रायश्चित्त म्हणून.

थेंबूला मी म्हटलं, दोन दिवस थांब, मॅडमना मीच सांगतो. दोन दिवस तेव्हाच होऊन गेले.

काल भाचीचा फोन होता. करंगळीचं टोक काळं पडलंय म्हणाली. डॉक्टर म्हणतात, चाचणी संपायला अजून पाच आठवडे आहेत, तोवर हीच पट्टी. मी फोनवर "हं, हं" करत राहिलो. ती म्हणाली, "मामा, तुमची पट्टी आहे म्हणूनच आई ती अजून बांधून घेते, नाहीतर ती ऐकते का कुणाचं?" म्हणजे पट्टीचं ते वाक्य तू वाचलंस. पाकीट उघडून, वाचून, परत चिकटवून डब्यात टाकलंस. तुझी सगळी कामं अशीच, उसवलेलं कळू द्यायचं नाही.

माझ्यावर विश्वास ठेवून तू ती पट्टी पायाला बांधून ठेवलीस. आणि मी अजून गप्प आहे. नाव अगदी शोभतं मला.

३ जुलै

ताई,

मॅडमना सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे मी मनात शंभरदा म्हणून बघितलं. "मॅडम, त्या आठवड्यात मंगळवारपासून रविवारपर्यंत मी पाणी घातलं नाही." इथपर्यंत जमतं. मग त्या विचारणार, "का? कुठं होता?" तिथं माझी गाडी अडते. कारण तुला मी सांगितलं होतं की मी काचघरात आहे. रजिस्टरही तेच सांगतं, त्यामुळं तीन वर्षं मला साक्षीदार होता. एक सांगायला जावं तर दुसरं उघडं पडतं. म्हणून आधी तुला सांगतो. निदान लिहितो.

त्या सोमवारी तू कळवलंस की आईचं काही खरं नाही. मंगळवारी पहाटेच्या गाडीनं मी निघालो. रजा मागितली नाही, कारण संध्याकाळी परतायचा बेत होता आणि पानं तोडायच्या दिवसाखेरीज काचघरात माझ्याशिवाय कुणी फिरकत नाही. दहा वाजता हॉस्पिटलसमोर उतरलो.

आणि वर आलो नाही.

समोर रस्त्यापलीकडं औषधांचं दुकान आहे, त्याच्या बाजूला एक सिमेंटचं बाक. त्यावर बसलो. म्हटलं, जरा दम खाऊ आणि जाऊ. दुपार झाली. म्हटलं, आता डॉक्टरांची फेरी असेल. मग भेटायची वेळ संपली. लॉजवर गेलो. बुधवारी पुन्हा तेच बाक. गुरुवारी दोनदा आत गेलो, जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत. वरून फिनाईलचा वास आला आणि पाय मागं वळले.

का, ते सांगतो. आधीच्या महिन्यात मी आईला भेटायला आलो होतो, तेव्हा तू औषधं आणायला खाली गेली होतीस. आईनं माझं मनगट धरलं. केवढी ताकद होती तिच्या हातात. म्हणाली, "मला घरी ने. तिला सांगू नकोस, ती नाही नेणार. तू ने." मी काहीच बोललो नाही. हो नाही, नाही नाही. तू आलीस, तिनं हात सोडला आणि भिंतीकडं तोंड केलं. पुन्हा वर गेलो असतो तर तिनं पुन्हा विचारलं असतं. मला भीती वाटली, ताई. माझ्या स्वतःच्या आईची.

शुक्रवारी दुपारी तुझा फोन आला. "कधी येतोस? ती तुझं नाव घेतेय." मी म्हटलं, "ताई, मला निघता येत नाहीये. सोमवारी पानं तोडायची आहेत, पाणी चुकलं तर सगळी रोपं मरतील. आत्तासुद्धा हातात नळी आहे, मागाहून करतो." सोमवारी पानं तोडायची होती, हे खरं. तेवढं एक सोडलं तर बाकीचं सगळं खोटं होतं.

शनिवारी ती गेली. रविवारी मी लॉजवरून बॅग घेऊन आलो, गाडीतून नुकताच उतरल्यासारखा. शर्टही चुरगळून घेतला होता थोडा. सगळं उरकल्यावर मी निघतो म्हटलं, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "जा. जा, तुझ्या झाडांना पाणी घाल." त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस.

सोमवारी सकाळी दार उघडलं तर दोनशे झुडपं माना टाकून उभी. मी वेड्यासारखी नळी फिरवली. तासाभरानं मॅडम कात्री घेऊन आल्या. "पानं मलूल दिसताहेत." मी म्हटलं, "आठवडाभर ऊन फार होतं." त्यांनी तोडायला घेतली. तीच पहिली बॅच.

त्या आजोबांचा पाय आईनं वाचवला, असं मला कधीकधी वाटतं. मग स्वतःचीच चीड येते. तिनं नाही वाचवला. मी बाकावर बसलो म्हणून तो वाचला, आणि ही गोष्ट अभिमानानं सांगण्यासारखी नाही.

सोमवारी सांगतो मॅडमना.

घुम्या

८ जुलै

ताई,

सांगितलं.

परवा, सहा तारखेला. थेंबूला काढायचं पत्र टाईप होऊन मॅडमच्या टेबलावर होतं, सही तेवढी राहिली होती. मी आत गेलो आणि रजिस्टर त्या पत्रावरच ठेवलं. म्हटलं, "मॅडम, या सहा खुणा खोट्या आहेत."

त्यांना आधी कळेचना. मग कळलं, तेव्हा त्या उठून खिडकीशी गेल्या.

"माळीबुवा, तीन वर्षं?"

"हो."

"मी चार देशांत उभी राहून सांगितलंय, रोज ठराविक पाणी. ठराविक! लोकांनी तसं करून बघितलं आणि त्यांना जमलं नाही, तर मी म्हटलं तुमचे हात कच्चे. मी थेंबूला काय काय बोलले..." मग वळून म्हणाल्या, "आणि ते तीस रुग्ण?"

"त्यांत माझी बहीण आहे, मॅडम."

त्या खाली बसल्या. "आणि तरी तुम्ही गप्प राहिलात?"

मी हो म्हटलं.

त्यांनी माझ्यासमोरच हॉस्पिटलला फोन लावला. चाचणी थांबली. आरपार पट्ट्या सगळ्यांच्या काढायच्या, नेहमीचे उपचार ताबडतोब सुरू करायचे. छापलेला लेख दुरुस्त करून पाठवणार. थेंबूचं पत्र त्यांनी फाडलं आणि तिची माफी मागितली, माझ्यादेखत. बाई कडक आहेत, पण कोत्या नाहीत. आता शंभर कुंड्या सहा दिवस कोरड्या, पन्नास चार दिवस, पन्नास रोजच्या पाण्यावर, असं ठरलंय. पानांपासून पट्टीपर्यंत अकरा आठवडे लागतात. मी विचारलं, घाई करता येणार नाही का? थेंबू म्हणाली, "काका, घाईनंच तर इथवर आलो."

मला कामावरून थांबवलंय. चौकशी होईल. त्याआधी लेखी जबाब मागितला. त्यात एक रकाना होता, गैरहजेरीचं कारण. कारकून म्हणाला, "आईचं आजारपण लिहा, सहानुभूती मिळते." मी लिहिलं, "आई आजारी होती. मी हॉस्पिटलसमोर बाकावर बसून होतो. वर गेलो नाही." कारकुनानं दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. त्याची प्रत सोबत जोडली आहे. म्हणून हे पाकीट जाड आहे.

सतरा जूनला मला संशय आला होता. सहा जुलैला मी तोंड उघडलं. मधले एकोणीस दिवस तुझ्या पायाचे होते, ताई. त्यांवर मी खूण मारू शकत नाही. कसलीच.

नव्या पट्ट्या होईपर्यंत तुझा पाय थांबेल का, असं मी भाचीला विचारलं. ती काहीच बोलली नाही. आपल्या घरात आणखी एक घुमं नको, तिला सांग.

घुम्या

१४ जुलै

घुम्या,

तुझी पाचही पत्रं काल एका बैठकीत वाचली. ड्रेसिंग बदलताना डॉक्टर म्हणाले, काचघरातल्या माणसानं स्वतःहून येऊन चूक कबूल केली. स्वतःहून! मी आधी डॉक्टरांकडंच संशयानं बघितलं. पोरीला म्हटलं, डबा आण.

अक्षर तुझं अजून मुंग्या चालल्यासारखंच आहे.

तुला वाटतं, तू आला नाहीस म्हणून मी बोलत नाही. आईचा पलंग खिडकीलगत होता, विसरलास का? त्या शुक्रवारी मी तुला फोन केला तो खिडकीत उभी राहूनच केला, कारण तू मला मंगळवारपासून दिसत होतास. म्हटलं, दमलाय, येईल. बुधवारी म्हटलं, येईल. शेवटी माझं मीच म्हटलं, आपण हाक मारू म्हणजे उठेल. आणि तू मला सांगितलंस की हातात नळी आहे. नळी नव्हती रे हातात. चहाचा कागदी कप होता. बोलून झाल्यावर तू तो चुरगळून बाकाखाली टाकलास.

आईनं विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, तोच. खाली आलाय. जिना चढतोय. लिफ्ट बंद आहे ना, म्हणून वेळ लागतोय. मग शनिवार दुपारपर्यंत तिची नजर दारावर होती आणि मी तासातासाला सांगत होते, येतोच आहे, येतोच आहे. ती गेली तेव्हाही मी तेच म्हणत होते. तेव्हा खोट्या खुणा काही तू एकट्यानं मारलेल्या नाहीस. मला राग तुझा होताच. पण दोन जिने उतरून तुझा कान धरून वर आणायला माझे पाय का गेले नाहीत, हेही मी तीन वर्षं स्वतःला विचारतेय. तेव्हा माझे दोन्ही पाय धड होते.

आणि ते घरी नेण्याचं. ती मलाही तेच म्हणाली होती. "त्याला सांगू नकोस, तो नाही नेणार, तू ने." नर्सलाही म्हणाली होती. झाडूवाल्या बाईलासुद्धा. तू वर आला असतास तर एवढं तरी तुला कळलं असतं.

करंगळी आणि शेजारचं बोट सोमवारी काढणार आहेत. एवढ्यावर भागलं तर पाय राहील, म्हणतात. तुझे एकोणीस दिवस नसते तर बोटं राहिली असती का, ते मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ते अजून झालेलं नाही आणि माझ्याकडून आता कुठलीही गोष्ट आधी लिहून ठेवायची नाही असं मी ठरवलंय. उरलेल्या पायासाठी ती तहानलेल्या पानांची पट्टी तयार झाली की मात्र मला हवी आहे. मधाच्या रंगाची. थेंबूला सांगून ठेव.

सोमवारी सकाळी नऊची वेळ आहे. तेच हॉस्पिटल, दुसरा मजला. लिफ्ट अजून बंदच आहे.

मला खिडकीजवळचा पलंग मिळालाय. बाकावर बसलास तर वरून दिसशील.

ताई